पाच कसोट्यांची बेरीज

ऑगस्ट १९५० मध्ये बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स येथे युरोपीय अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा भरली होती. २३ ते २७ ऑगस्ट असे पाच दिवस ती चालली. नेदरलँड्सची फॅनी ब्लँकर्स-कून त्या वेळी कीर्तीच्या शिखरावर होती. दोन वर्षांपूर्वी लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तिने चार सुवर्णपदके जिंकली होती. ब्रुसेल्सलाही १०० मीटर, २०० मीटर आणि ८० मीटर अडथळा या तिन्ही शर्यती तिनेच मारल्या. वृत्तपत्रांना मजकूर हवा होता तो तिच्यापाशी मिळाला. पण त्याच मैदानावर, या अजिंक्यपदाच्या इतिहासात प्रथमच, स्त्रियांसाठी पेंटॅथलॉन ही पाच प्रकारांची एकत्रित स्पर्धा घेण्यात आली. ती फ्रान्सच्या आर्लेत बेन हामोने जिंकली. ब्रिटनची बर्था क्राउदर दुसरी आली आणि चेकोस्लोव्हाकियाची ओल्गा मोद्राचोवा तिसरी. ही तीन नावे आज खेळाच्या अभ्यासकांखेरीज फारसे कोणी घेत नाही.

आदिलाबादच्या मराठी साहित्यप्रेमी मंडळींपुढे ब्रुसेल्सची गोष्ट कशासाठी, असे आपल्या मनात आले असेल. त्याचे कारण सांगतो. त्या स्पर्धेने एक जुना पेच मैदानावर आणला होता. एखादी व्यक्ती कोणत्याही एका गोष्टीत अव्वल नसते, पण पाच गोष्टी चांगल्या करते. तिला मोजायचे कसे? हा पेच खेळापुरता असता तर मी तो आपल्यापुढे मांडला नसता. आपल्या जिल्ह्याच्या आणि आपल्या घरांच्या इतिहासाशी त्याचा जवळचा संबंध आहे, हे पुढे दाखवायचे आहे. तोवर थोडा धीर धरावा.

प्रथम स्पर्धेचे स्वरूप पाहू. त्या काळच्या स्त्रियांच्या पेंटॅथलॉनमध्ये गोळाफेक, उंच उडी, २०० मीटर धाव, ८० मीटर अडथळा शर्यत आणि लांब उडी असे पाच प्रकार होते. दोन दिवसांत ते पुरे करायचे. गोळाफेकीला खांद्यात आणि मांडीत ताकद लागते, अंगात वजन असले तर फायदाच. उंच उडीला तेच वजन आड येते. २०० मीटरला वेग हवा. अडथळ्यांच्या शर्यतीत वेगाबरोबर पावलांचा ठेका चुकता कामा नये. एका प्रकारासाठी शरीर कमावावे तर दुसऱ्यात नुकसान होते. म्हणून ही स्पर्धा खेळणाऱ्या मुलीला प्रत्येक प्रकारात थोडे सोडून द्यावे लागते आणि बाकीचे राखावे लागते.

आता पहिला नंबर ठरवायचा कसा? गोळा मीटरमध्ये मोजतात, शर्यत सेकंदांत. मीटर आणि सेकंद यांची बेरीज होत नाही. त्यासाठी गुणतक्ता असतो. अमुक अंतराला अमुक गुण, अमुक वेळेला अमुक गुण असे त्यात ठरवून दिलेले असते. पाचही प्रकारांचे गुण मिळवायचे, ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. दिसायला हे साधे गणित आहे. पण सेकंदाचा दहावा भाग आणि उंच उडीतले एक बोट यांची किंमत सारखी धरायची की कमीजास्त, हे कोणीतरी बसून ठरवलेले असते. तक्ता करणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता असते, आणि तो स्वतः मैदानात कुठे दिसत नाही.

ब्रुसेल्सपर्यंत पोहोचायलाही स्त्रियांना बराच काळ लागला होता. फ्रान्सच्या आलिस मिलिया या बाईंनी १९२१ साली स्त्रियांची आंतरराष्ट्रीय क्रीडासंघटना उभी केली, कारण ऑलिंपिकचे पुरुष चालक स्त्रियांना धावू द्यायलाच तयार नव्हते. १९२२ पासून त्यांच्या संघटनेने स्त्रियांच्या स्वतंत्र जागतिक स्पर्धा भरवल्या. त्या दडपणामुळे १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी पाच मैदानी प्रकार खुले झाले. त्यांत ८०० मीटरची शर्यत होती. शर्यत संपल्यावर काही धावपटू दमून खाली बसल्या, आडव्या झाल्या. दमलेला पुरुषही तेच करतो. पण वृत्तपत्रांनी त्याचे भयंकर चित्र रंगवले आणि इतके धावणे बायकांच्या प्रकृतीला झेपत नाही असा निकाल लागला. मग १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना २०० मीटरच्या पुढे धावायला मिळाले नाही. अशा वातावरणात स्त्रीने दोन दिवसांत पाच प्रकार करावेत ही कल्पनाच धाडसाची होती. मिलियाबाईंच्या संघटनेने १९३४ साली लंडनच्या स्पर्धेत पेंटॅथलॉन घेतली आणि जर्मनीची गिझेला माउअरमायर ती जिंकली. पुढे महायुद्ध आले. १९५० च्या ब्रुसेल्सने तुटलेला धागा पुन्हा जोडला. ऑलिंपिकला मात्र ही स्पर्धा घ्यायला १९६४ उजाडावे लागले.

या मधल्या काळात काय घडले त्याचा नमुना हेलसिंकीच्या १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये मिळतो. सोव्हिएत संघाची अलेक्सांद्रा चुदिना तिथे तीन प्रकारांत उतरली. लांब उडीत ६.१४ मीटर मारून ती दुसरी आली, न्यूझीलंडची इव्हेट विल्यम्स पहिली. भालाफेकीत ५०.०१ मीटर टाकून दुसरी, पहिली चेकोस्लोव्हाकियाची दाना झातोपकोवा. उंच उडीत १.६३ मीटर मारून तिसरी, पहिली दक्षिण आफ्रिकेची एस्तर ब्रँड. तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या बायकांनी तिला मागे टाकले. त्या तिघींपैकी एकीनेही तिच्याप्रमाणे तिन्ही प्रकारांत पदक मिळवले नाही. ऑलिंपिकमध्ये बेरीज करणारी स्पर्धा नसल्यामुळे चुदिना सुवर्णपदकाशिवाय परतली. दोन वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे युरोपीय अजिंक्यपद भरले. तिथे पेंटॅथलॉन होती आणि तिथे तीच चुदिना विजेती ठरली. बाई तीच होती. बेरीज धरणारा कार्यक्रम बर्नला होता, हेलसिंकीला नव्हता, एवढाच फरक. हीच चुदिना व्हॉलीबॉलमध्येही आपल्या देशाकडून जगज्जेत्या संघात खेळली.

त्याच हेलसिंकीत आपल्याकडची माणसे होती. खाशाबा जाधवांचे कांस्यपदक मराठी घराघरांत ठाऊक आहे. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले, ही हकीकत आपण मुलांना सांगतो आणि सांगावीच. पण त्याच ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या चार स्त्री खेळाडू उतरल्या, हे किती जणांना माहीत असते? पोहण्यात आरती साहा आणि डॉली नझीर होत्या. मैदानावर बंगालची नीलिमा घोष आणि मुंबईची मेरी डिसूझा होत्या. मेरी मूळची गोव्याच्या घराण्यातली, बांद्र्यात वाढलेली. सरकारकडे पैसा नव्हता, तेव्हा मित्रमंडळींनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नाचाचे आणि पत्त्यांचे कार्यक्रम ठेवून तिच्या वाटखर्चाला हातभार लावला. गहाण पडलेले घर आपल्या आठवणीत राहिले. बांद्र्यातली ती वर्गणी राहिली नाही.

मेरी काय काय करत होती ते पाहा. ४ ते ११ मार्च १९५१ या दिवसांत दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. तिथे तिने २०० मीटरमध्ये कांस्यपदक घेतले. १०० मीटरमध्ये मुंबईची रोशन मिस्त्री दुसरी आली. रोशन, मेरी, पॅट मेंडोन्सा आणि बानू गझदर यांनी रिलेमध्ये रौप्यपदक मिळवले. १९५४ साली मनिलाला क्रिस्टीन ब्राउन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी यांनी त्याच रिलेचे सुवर्णपदक आणले. शिवाय मेरी भारताकडून हॉकी खेळली, १९५३ साली इंग्लंडमध्ये आणि १९५६ साली ऑस्ट्रेलियात. पुण्याशी नाते असलेली स्टेफी डिसूझाही तशीच. तिने १९५८ साली टोकियोच्या आशियाई स्पर्धेत २०० मीटरचे रौप्यपदक घेतले, हॉकी खेळली आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावली. स्त्रियांची पेंटॅथलॉन ऑलिंपिकमध्ये प्रथम झाली ती त्याच टोकियोला, आणि सोव्हिएत संघाची इरिना प्रेस तिथे विजेती ठरली.

मेरी किंवा स्टेफी पेंटॅथलॉनमध्ये उतरल्या असत्या तर जिंकल्या असत्या, असा दावा मी करणार नाही. इतिहास लिहिणाऱ्याने न घडलेल्या शर्यतीचा निकाल देऊ नये. मात्र एवढे खरे की आशियाई स्पर्धांत स्त्रियांची पेंटॅथलॉन १९६६ च्या बँकॉकपर्यंत नव्हतीच. पाच गोष्टी चांगल्या करणाऱ्या मुलीला त्या पाचांची बेरीज मांडायला आशियाच्या मैदानावर जागा नव्हती. पुढे जागा झाली आणि १९७८ साली बँकॉकलाच केरळच्या एंजल मेरी जोसेफने पेंटॅथलॉनचे रौप्यपदक मिळवले. जागा नसताना ज्या खेळून गेल्या त्यांच्या नावापुढे मात्र सुटी सुटी पदकेच राहिली.

आता पुन्हा गुणतक्त्याकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. बेन हामोने ब्रुसेल्सला ३,२०४ गुण मिळवले. चार वर्षांनी बर्नला चुदिनाचे गुण ४,५२६ झाले. हे दोन आकडे शेजारी ठेवले तर वाटेल की चार वर्षांत स्त्रिया दीडपट बलवान झाल्या. तसे काही झाले नव्हते. मधल्या काळात नवा गुणतक्ता आला होता. उलट दिशेचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. इरिना प्रेसने १९६४ साली ५,२४६ गुणांचा जागतिक विक्रम केला. १९७२ साली म्युनिकला ब्रिटनच्या मेरी पीटर्सने ४,८०१ गुण मिळवले आणि तोही जागतिक विक्रम ठरला. आठ वर्षांनंतरचा विक्रम आधीच्यापेक्षा लहान! कारण १९७१ साली तक्ता पुन्हा बदलला होता आणि त्याआधी ८० मीटरच्या अडथळा शर्यतीची जागा १०० मीटरने घेतली होती. म्युनिकला मेरी पीटर्स आणि जर्मनीची हायडे रोझेंडाल यांच्यात अवघ्या दहा गुणांचे अंतर होते. १९७६ साली माँट्रियलला तर पूर्व जर्मनीच्या दोघींची बेरीज नेमकी ४,७४५ भरली. पाचांपैकी जास्त प्रकारांत जी सरस ठरली त्या सीग्रुन सीगलला सुवर्णपदक मिळाले. तिसरी आलेली ४,७४० वर होती. इतक्या बारीक फरकाने पदके ठरत असताना तक्त्यातला एक आकडा इकडचा तिकडे झाला असता तर व्यासपीठावर कोण कुठे उभी राहिली असती, याचा विचार करून पाहा.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक सावधगिरी शिकायला मिळते. दोन काळांचे आकडे ताडून पाहण्यापूर्वी दोन्ही वेळचा तक्ता एकच होता का, हे विचारले पाहिजे. आपल्या आदिलाबादला ही सावधगिरी फार लागू पडते. दिल्लीत आशियाई स्पर्धा सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, १ मार्च १९५१ च्या सूर्योदयाला, स्वतंत्र भारताच्या पहिल्या जनगणनेची वेळ धरलेली होती. त्या जनगणनेतला आदिलाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि किनवट व राजुरा हे तालुके त्यात होते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. किनवट नांदेडकडे गेले, राजुरा पुढे चांद्याकडे गेला आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. १९६१ च्या जनगणनेतला आदिलाबाद हा वेगळाच जिल्हा आहे, नाव तेवढे तेच. २०१४ साली तेलंगणा राज्य झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार तुकडे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमुरम भीम आसिफाबाद. तेव्हा १९५१ ची मराठी बोलणाऱ्यांची संख्या आणि नंतरची संख्या यांची वजाबाकी करून कोणी म्हणू लागले की मराठी माणूस इथून उठून गेला, तर त्याला आधी विचारावे: माणूस उठला की तालुका उठला? किनवटचे आपले सोयरे आपल्या जागीच होते. नकाशावरची रेघ त्यांच्या आणि आपल्या मधून गेली.

तक्ता बदलल्याने असा घोटाळा होतो. तक्ताच नसला तर त्याहून मोठी हानी होते, आणि मला मुख्यतः त्याविषयी बोलायचे आहे.

आपल्या जुन्या घराण्यांतून कागद जपलेले असतात. सनदा असतात, पाहणीपत्रके असतात, कोर्टाचे निकाल, मुलग्यांचे दाखले, नोकरीचे हुकूम असतात. हे सगळे एकेका कसोटीचे निकाल आहेत. जमीन किती, इयत्ता कोणती, हुद्दा कोणता. घरातल्या बायकांच्या नावाने काय सापडते? जनगणनेत साक्षरतेचा रकाना होता. लिहितावाचता येत नसेल तर बाई निरक्षर. निजामी राजवटीत कचेरी आणि शाळा उर्दूत चालत, बाजार तेलुगूत, घर मराठीत, आणि उटनूरकडच्या गावांत गोंडीशिवाय पान हलत नसे. या मुलखातल्या कितीतरी बायका दिवसभरात या भाषांतून ये-जा करत होत्या. माहेरची भुलाबाईची गाणी त्यांना येत आणि शेजारणींबरोबर बतुकम्माच्या फेरातही त्या पाय धरत. बसफुगडी, दंडफुगडी, झिम्मा हे तासन्‌तास खेळायला दमसास लागतो, तोल लागतो. कापसाच्या वेचणीपासून बाळंतिणीच्या काढ्यापर्यंत आणि सावकाराच्या तोंडी हिशेबापासून वर्षाच्या साठवणीपर्यंत सगळे त्यांच्या ध्यानात असे. यांतल्या एकाही गोष्टीत त्या तालुक्यात पहिल्या होत्या असे कोणी म्हटले नाही. त्यांची बेरीज मात्र कोणी मांडलीच नाही. कागदावर उरला तो एक शब्द, निरक्षर.

हेलसिंकीच्या चुदिनाला निदान दोन वर्षांनी बर्न मिळाले. आपल्या पणज्यांना तसे काही मिळाले नाही, आणि आता त्यांना गुण द्यायला बसणे हास्यास्पद होईल. गुण देण्याची गरजही नाही. नोंद करण्याची आहे. तक्ता करण्याआधी मोजपट्टी लावून आकडा लिहून ठेवावा लागतो. ब्रुसेल्सच्या पंचांनी १९५० साली प्रत्येक उडीचे अंतर आणि प्रत्येक धावेची वेळ लिहून ठेवली होती, म्हणून पुढे तक्ता बदलल्यावर जुन्या कामगिरीचे नव्याने गुण काढता आले. मूळ नोंद असली की न्याय उशिरा का होईना करता येतो. ती नसली तर पुढच्या पिढीचा उदार तक्ताही निरुपयोगी ठरतो.

म्हणून आपल्यापाशी एक मागणे आहे. घरातली जी वडीलधारी बाई आज बोलू शकते, तिच्यापाशी या वर्षी एक वही घेऊन बसावे. तिला कोणत्या भाषा येतात, त्या कुठे आणि कोणापासून शिकली, कोणते खेळ खेळली, कोणती पिके तिने काढली, कोणती औषधे तिला ठाऊक आहेत, गावे कोणती पाहिली, हे तिच्याच शब्दांत, साल आणि ठिकाण विचारून लिहावे. सुंदर लिहिण्याची खटपट करू नये. तिच्या बोलण्यात तेलुगू किंवा उर्दू शब्द आला तर तो तसाच ठेवावा, त्याचे शुद्ध मराठी करू नये. वहीची एक प्रत आपल्या साहित्यसंस्थेकडे द्यावी. चाळीसपन्नास वह्या जमल्या तरी या सीमेवरच्या मराठी संसाराचा जो इतिहास त्यांतून निघेल, तो कोणत्याही पाहणीपत्रकातून निघणार नाही.

शेवटी एक जवळची गोष्ट. स्त्रियांची पेंटॅथलॉन पुढे सात प्रकारांची हेप्टॅथलॉन झाली. भालाफेक आणि ८०० मीटर धाव तिच्यात आली, म्हणजे १९२८ साली बायकांना झेपत नाही म्हणून काढून टाकलेलीच शर्यत आज सर्वांत शेवटी, दोन दिवसांच्या श्रमानंतर, धावायची असते. धारवाडजवळ जन्मलेल्या आणि सिकंदराबादला स्थायिक झालेल्या जे. जे. शोभाने २००३ साली हैदराबादच्या आफ्रो-आशियाई स्पर्धेत हेप्टॅथलॉनचे सुवर्णपदक जिंकले. पुढच्या वर्षी अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये सहाव्या प्रकारात, भाला फेकताना, तिचा घोटा दुखावला. एकच प्रकार उरला होता, तो ८०० मीटरचा. न धावता बाहेर पडली असती तर दोन दिवसांच्या कामगिरीची बेरीज लागली नसती. ती तशाच पायाने ८०० मीटर धावली आणि एकूण अकरावी आली. अकराव्या क्रमांकाला पदक नसते. तिच्या नावापुढे सातही आकडे लिहिलेले आहेत आणि त्यांच्याखाली बेरीज आहे.